मिनूच्या बाई

चारकोप, २१ जून १९८७

ती. मालनवहिनी,

हे पत्र मीराच वाचून दाखवणार, म्हणून आधी तिला सांगते. मीरा, बातम्या वाचल्यासारखं भराभर वाचू नकोस, आईला ऐकू दे. आणि मी कंसात काही लिहिलं असेल तर ते मनातल्या मनात वाच.

वहिनी, शाळा सुरू झाली! सोमवारी दहाच्या ठोक्याला मी देवातली घंटा वाजवली आणि मिनू पाट काखोटीला मारून ओट्यावर येऊन बसली. एक विद्यार्थिनी, एक बाई. आधी प्रार्थना, मग हजेरी. मी म्हटलं, "मृणालिनी जयवंत परब." तर ही मागे वळून बघायला लागली, कोण आलं म्हणून. जन्मापासून मिनूशिवाय दुसरं नाव कुणी घेतलं नाही, तिला तरी काय ठाऊक! दुसऱ्या दिवशी मात्र असं ठणठणीत "हजर!" म्हणाली की समोरच्या बांधकामावरच्या गवंड्याने थापी खाली ठेवली.

गणवेशसुद्धा आहे. तुमच्या दिरांच्या जुन्या निळ्या शर्टाचा मीच शिवला, खिशावर रुमाल पिनेने लावून दिला. मधली सुट्टी आहे, डब्यात पोळीचा लाडू आहे. डबा घेऊन ती दोन पावलं लांब जाऊन बसते आणि मला म्हणते, तुम्ही तिकडे बसा. शाळेच्या वेळात मला बाई म्हणायचं, असा नियम केलाय. आपल्या आळीतल्या बालवाडीत मी खिडकीतून जे जे बघितलं होतं ते सगळं इथे आणलंय. कंपनीतलं पॅकिंग सोडल्याचं मला कणभरही वाईट वाटत नाही. बाटल्यांना लेबलं लावण्यापेक्षा हे किती झकास!

भाऊजींना सांगा, पोरगी मजेत आहे. साप एकदाच निघाला आणि तीही धामण होती. बसचा थांबा जरा लांब आहे, चारी बाजूंना घरं अर्धी बांधलेली आहेत, वाळू आणि खडीचे ढीग आहेत, पण आमच्या दोन खोल्यांना आता दारं लागली. लॉटरीत घर लागलं तेव्हा भाऊजी म्हणाले होते ते मी विसरलेली नाही. "थंय शाळा नाय, रस्तो नाय. चेडवाक खंय घेवन जातस? तिका हंय ठेव." मी म्हटलं, मुलीला मी नेणार, मीच शिकवीन. त्यावर म्हणाले, "पुढच्या जूनात पहिलीत घेतल्यानी तर बरा. नाय तर चेडू हंय येतला." मी म्हटलं, मंजूर. दोघे भाऊ तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत, ते त्यांचं ते बघतील. तुम्ही मात्र तेव्हा पाठ करून पोळपाट धूत राहिलात. तो पोळपाट इतका वेळ कधी कुणी धुतला नसेल.

मिनूने तुम्हाला पापी सांगितली आहे.

तुमची
सुलक्षणा


चारकोप, १२ जुलै १९८७

ती. वहिनी,

तुमचं उत्तर नाही. मीराच्या परीक्षा असतील. (मीरा, जुलैत कसल्या गं परीक्षा?)

शाळेची वाट लागली, वहिनी! हसू नका. मी बालवाडीसारखं "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हटलं, तर मिनू खरंच तोंडावर बोट ठेवून बसली आणि दोन तास बोट काढलंच नाही. मी फळ्यावर कमळ काढलं, गाय काढली. ही गप्प. विचारलं, हे काय आहे? तर बोट तसंच ठेवून बोटाच्या बाजूने म्हणते, "बाई, बाकीची मुलं कधी येणार?" एका मुलीला मी रांगेत बसवत होते. रांग कशी करणार ती?

पाटीवर एक काढ म्हटलं की थुंकी लावून पाटी पुसत बसते. पुसणं तिला फार आवडतं. लिहायला मात्र काहीच नाही. अर्धा तास झाला की विचारते, सुटली का?

आणि ऐका, त्या नियमाने आणखीच घोटाळा केला. आता ती मला दिवसभर बाई म्हणते. "बाई, भात वाढा." "बाई, माझी चड्डी ओली झाली." तुमच्या दिरांना तर ऊतच आलाय. कामावरून आले की सायकल भिंतीला टेकवतात आणि दारातून ओरडतात, "बाई, आत येऊ का?"

(मीरा, हे मनात वाच. तुम्ही सगळी भावंडं मला काकी म्हणता, म्हणून तीही मला काकी म्हणायची आणि तुमच्या आईला आई. मी दिवसभर कंपनीत, माझी पोर वहिनींच्या मांडीवर, मग दुसरं काय होणार? मी तिला इथे सांगितलं होतं, शाळेत बाई आणि शाळा सुटली की आई. तर ती म्हणाली, "आई घाटकोपरला आहे ना?" मी म्हटलं, हो. म्हणजे काकी होते ती आता बाई झाले. तुझ्या काकांना ती अजून काकाच म्हणते. ते म्हणतात, काका तर काका, हाक मारली की धावतोच ना मी. पुरुषांचं बरं असतं.)

आळीतले खंडूभाऊ परवा येऊन गेले. दूधकेंद्रावरून इतक्या लांब वाकडी वाट करून आले बिचारे. तुम्ही दिलेला डबा पोचला. मिनूचे चिंचोके! उघडल्याबरोबर तिने डब्यात तोंड घातलं आणि वास घेतला. खंडूभाऊंना विचारलं, वहिनी काही म्हणाल्या? तर म्हणाले, "काय नाय. डबो दिल्यान." डबा पाठवलात, एक शब्द पाठवला असतात तर जड झाला असता का हो? मी रागाने तो फळीवर ठेवून दिलाय. इथे अभ्यास चाललाय, खेळ नाही.

सुलक्षणा


चारकोप, ६ सप्टेंबर १९८७

ती. वहिनी,

डबा फळीवरून खाली आला! आणि काय काय झालं म्हणून सांगू!

त्या दिवशी दहा वाजता समोर वाळूचा ट्रक आला. ढीग आमच्या ओट्याला लागूनच पडला. त्या गडबडीत मी घंटा वाजवायची विसरले. बाहेर येऊन बघते तर मिनू वाळूत बसलेली आणि बोटाने काहीतरी काढतेय. बघितलं तर तीन! गुबगुबीत, जरा उताणा पडलेला, पण तीन! मी विचारलं, हे कुणी शिकवलं? म्हणाली, "बसच्या कपाळावर असतं." वहिनी, आम्ही बाजाराला जायला थांब्यावर उभे राहतो ना, तेव्हा ही बसच्या पाटीवरचे आपले मराठी आकडे बघत असायची. आणि मी हिला दोन महिने तोंडावर बोट ठेवायला लावत होते.

त्या दिवसापासून पाट आत गेला, घंटा परत देवात गेली. शाळा वाळूत भरते. पुसायला थुंकी लागत नाही, हाताने सपाट केलं की नवी पाटी. विटा मोजतो, एकावर एक रचतो. गवंडीमामांचा ओळंबा बघतो, भिंत सरळ आहे की नाही ते सांगतो. एकदा तिने सांगितलं वाकडी आहे, आणि गवंडीमामा चिडले, मग मला बाजूला घेऊन म्हणाले, थोडी आहे. ओहोटीला खाडीच्या कडेला चिखलात खेकडे बघायला जातो, आठ पाय आणि दोन नांग्या. मोठ्या नांगीचा एक आणि लहान नांगीचा एक. एवढं मीही कधी नीट बघितलं नव्हतं. दुपारी ती झोपली की मी उद्या काय करायचं याचा विचार करत बसते, आणि हसू येतं, स्वतःशीच.

एक गंमत सांगायचीच आहे. लहान-मोठं शिकवायला मी खडीतला एक चांगला गोटा उचलला आणि तिच्यासमोर ठेवला. म्हटलं, "हा मोठा दगड." मिनू म्हणाली, "मोठा कसा? दुसरा कुठाय?" मी म्हटलं, अगं मोठाच आहे की, बघ. ती म्हणाली, "एकटा असला की नुसता दगड." मग डब्यातला चिंचोका काढून तिने त्याच्या शेजारी ठेवला. "आता मोठा."

मी बघतच राहिले. मला मॅट्रिकला गणितात पस्तीस होते हो! संध्याकाळी तुमच्या दिरांना सांगितलं. ते पाय धूत होते. म्हणाले, "बरोबर आहे तिचं. दादा नसता तर मी तरी धाकटा कसा झालो असतो?" मग बराच वेळ पायावर पाणी ओतत राहिले. (मीरा, हे बाबांना ऐकू जाईल असं वाच.)

आणि आता शाळेत दोन मुली आहेत. शेजारी द्रौपदीबाई राहतात, परभणीकडच्या. त्यांचे मालक रेल्वेत गँगमन. रोज ओट्यावरून बघत असायच्या. एक दिवस त्यांची माणिक हाताला धरून आणली आणि म्हणाल्या, "बाई, माझीला बी बसवा की वाळूत. घरात निस्ती उंडारती." माणिक मिनूएवढीच आहे, नाक वाहतं, पण गाणं ऐकलं की जागच्या जागी नाचते. मला गाणी मोजकीच येतात. तुम्ही भांडी घासताना मिनूला जी म्हणायचात, ती काऊची आणि फणसाची, ती मला अर्धी अर्धीच आठवतात. कुणाकडून तरी लिहून पाठवाल का?

सुलक्षणा


चारकोप, ३ ऑक्टोबर १९८७

ती. वहिनी,

काल दसऱ्याला आमच्या शाळेत पाटीपूजन झालं. आमच्या शाळेत! सेक्टरातली सात मुलं आली होती. द्रौपदीबाई म्हणाल्या, "आमच्यात सरस्वती नसती, पण पाटीला फूल घालाया काय जातंय." मग मी म्हटलं, ज्याला जे काढायचं ते काढू दे. मिनूने नुसते एकाचे आकडे मांडून सरस्वती काढली, तिला पाय सहा झाले. माणिकने बस काढली. सगळ्या पाट्यांवर झेंडूचं फूल ठेवलं. पोरं "बाई, बाई" करून नुसता गिल्ला करत होती. द्रौपदीबाई मला बाई म्हणतात, गवंडीमामा बाई म्हणतात. परवा पोस्टमननेसुद्धा विचारलं, बालवाडीच्या बाई तुम्हीच का? मी म्हटलं, हो! असं ताठ होऊन म्हटलं की विचारू नका.

आता पुढचं. मीरा, हे कंसात नाही. हे मोठ्याने वाच.

पूजा झाल्यावर मी मुलांना म्हटलं, "चला, आता आपापल्या आईच्या पाया पडून या." आळीतल्या बालवाडीत तसं म्हणायचे, म्हणून मीही म्हटलं. त्याच्या पुढचा विचारच केला नाही. सगळी पोरं पळाली. माणिक द्रौपदीबाईंच्या पायांवर जवळजवळ आडवीच झाली. ओट्यावर मिनू एकटी उभी राहिली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. मग मला म्हणाली, "बाई, बस किती वाजता आहे?"

मी म्हटलं, आज बस नाही गं. तर ती रस्त्याच्या कडेला गेली, जिथून बस वळते ना, तिकडे तोंड करून वाळूत गुडघे टेकले आणि नमस्कार केला. परत आली आणि चुरमुरे मागितले.

वहिनी, मी तेव्हा आत जाऊन चुरमुरे काढले, पोरांना वाटले, सगळ्यांना हसून वाटले. पण मला वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. चार महिने मी तिचं नाक पुसते, तिला रात्री थोपटते, तिच्यासाठी खेकड्यांच्या मागे चिखलात घुसते. मला एकदा आई ऐकायचं आहे. एवढंच आहे माझं, दुसरं काही नाही. तुमच्याकडून काही हिसकून घ्यायचं नाही मला. पण दोघींना एक शब्द कसा पुरणार, ते मला कळत नाही.

तो नमस्कार तुमचा होता. मी मध्ये ठेवून घेऊ शकत नाही, म्हणून पोचवते आहे.

सुलक्षणा


चारकोप, १६ जानेवारी १९८८

ती. वहिनी,

पाकिटात तिळगूळ आहे, चुरा झाला असेल तर चमच्याने खा. वड्या मिनूने आणि माणिकने थापल्या. मिनूच्या मोठ्या, माणिकच्या लहान, कोणत्या कुणाच्या ते लगेच कळेल.

खंडूभाऊंकडून भाऊजींचा निरोप पोचला. "जून जवळ इलो, चेडवाचे कपडे बांधून ठेव." कपडे बांधायचे नाहीत, भाऊजी! गावठाणाच्या अलीकडे नवी मराठी शाळा निघते आहे, पत्रे चढलेत, बाकं आलीत. पहिलीच्या प्रवेशाला एप्रिलमध्ये मुलांना बोलावून बघणार आहेत. बालवाडीत न गेलेलं मूल घेतील का, म्हणून मी चौकशीला गेले. कारकून म्हणाले, मोठ्या बाई कडक आहेत, पण बघतील.

मिनू वीसपर्यंत मोजते, एकविसाला अडते, मग चिडून चाळीसवर उडी मारते. तिच्या नावातली सगळी अक्षरं वाळूत काढते. नाव ठेवताना तुम्हीच हट्ट धरलात मृणालिनीचा, आता बघा, लिहिता लिहिता तिची बोटं दुखतात!

मला खूप भीती वाटते आणि खूप मजाही येते. दोन्ही एकदम कसं होतं कोण जाणे.

गाणी अजून आली नाहीत.

सुलक्षणा


चारकोप, २४ एप्रिल १९८८

ती. वहिनी,

हे पत्र मिळाल्या मिळाल्या वाचा. मीरा, हातातलं टाक आणि वाच.

काल शाळेत बोलावलं होतं. मिनूने निळा गणवेश घातला होता, केसाला रिबीन. मोठ्या बाई जाड चष्म्यातून बघत होत्या. "नाव?" "मृणालिनी जयवंत परब!" खिडकीची काच हलली असेल. मोजायला मणी दिले, मोजले. एकविसाला अडली नाही! दोन पेन्सिली पुढे ठेवल्या, लांब कुठली, आखूड कुठली, सांगितलं. त्यांनी आखूड पेन्सील उचलून घेतली आणि विचारलं, "आता ही उरलेली कशी आहे?" मिनू म्हणाली, "आता नुसती आहे." मोठ्या बाईंनी चष्मा काढला आणि शेजारच्या बाईंकडे बघितलं. मला वाटलं उडी मारावी. झालं, घेतलं हिला!

मग त्या अगदी मायेने म्हणाल्या, "शाब्बास. आईचं नाव काय बाळ?"

"मालन."

मोठ्या बाईंनी फॉर्म बघितला. फॉर्मवर सुलक्षणा. माझ्याकडे बोट करून विचारलं, "मग ह्या कोण?"

"ह्या माझ्या बाई."

मी घाईघाईने म्हटलं, "अहो, मीच तिची आई." आणि मिनू काय म्हणाली असेल? मीच शिकवलेलं, वर्षभर रोज शिकवलेलं. "बाई, खोटं बोलायचं नाही."

मी हसू की रडू! जन्माचा दाखला पुढे केला. मोठ्या बाई म्हणाल्या, "कागद कागदाच्या जागी. मुलगी खोटं बोलत नाही, एवढं मला दिसतंय. मुलीला दुसऱ्या कुणाच्या ताब्यात देण्याची भानगड मला माझ्या शाळेत नको. ती जिला आई म्हणते त्या बाईंना येत्या शनिवारी घेऊन या. मग बघू." तुमच्या दिरांनी मध्ये तोंड घातलं, तर मिनू त्यांना म्हणाली, "काका, हात वर करून बोला."

वहिनी, मी घरी येऊन खूप विचार केला. तुम्ही आला नाहीत तर हिला प्रवेश नाही. प्रवेश नाही तर ठरल्याप्रमाणे जूनमध्ये मिनू घाटकोपरला, तुमच्याकडे. तुम्हाला काहीही करायचं नाही, नुसतं घरी बसायचं आहे. मी शब्द दिला होता, मी तो मोडणार नाही, कपडे बांधून देईन. पण माझ्या मनात काय आहे ते तुम्हाला ठाऊक आहे. या, वहिनी. आई म्हणून या. मोठ्या बाईंना सांगा की तुम्हीच आई आहात, हवं तर मला शेजारीण म्हणा, पण तिला इथल्या शाळेत बसू द्या.

शनिवारी सकाळी नऊला. कांदिवलीला उतरलात की आमच्या बसच्या कपाळावर आकडा असेल, मीराकडून लिहून घ्या. मी थांब्यावर उभी राहीन.

सुलक्षणा


चारकोप, १ मे १९८८

ती. वहिनी,

काल तुम्ही रिक्षात बसलात त्याला अजून एक दिवसही झाला नाही आणि मी परत लिहायला बसले. काय करू, राहवत नाही!

तुम्ही बसमधून उतरलात तेव्हा मी पाया पडायचंसुद्धा विसरले. तुम्ही म्हणालात, "इलंय गो बाय. रडतस कित्याक?" मी रडत नव्हते, वाळू उडत होती. आणि मिनूने "आई!" म्हणून जी उडी घेतली, तुमच्या लुगड्याचा काष्टा सुटला असता. मला वाटलं होतं की त्या वेळी मला टोचेल. नाही टोचलं. तुम्ही आलात यातच माझं सगळं मन भरून गेलं होतं.

तुम्ही मोठ्या बाईंच्या समोर जे बोललात ते मी इथे पुन्हा लिहिते, मीराने ऐकावं म्हणून. तुम्ही घरी जाऊन सांगितलं नसणार, तुमचा स्वभाव मला ठाऊक आहे. मी तुम्हाला आई म्हणून या म्हटलं होतं. तुम्ही खुर्चीवर बसलातसुद्धा नाहीत. पदर खांद्यावर घेऊन म्हणालात, "बाई, मी हिची आई नाय. मी मोठी जाव. माझी पोरां माका आई म्हणतत, म्हणान ह्यां पण म्हणूक लागला. मी म्हणूक दिलंय. माका गोड लागला. पण जन्म हिणा दिल्यान आणि शिकयल्यान पण हिणाच. मी नुसते चिंचोके दिलंय."

मोठ्या बाईंनी फॉर्म पुढे ओढला. मग मला विचारलं, "पण मुलगी तुम्हाला बाई का म्हणते?" मी म्हटलं, "मीच शिकवलं. आणि शिकवलेलं ती विसरत नाही." तेव्हा त्या कडक बाई अशा हसल्या की शिपाई डोकावून गेला. "मग हिला घ्यायलाच हवं," म्हणाल्या, आणि सही केली.

वहिनी, तुम्ही घरी बसला असतात तर जूनपासून मिनू तुमची होती. हे तुम्हालाही ठाऊक होतं आणि तरी तुम्ही पहाटे उठून आलात. मी तुम्हाला काय म्हणू?

जेवताना तुम्ही काऊचं आणि फणसाचं गाणं पूर्ण म्हटलंत. सगळी पोरं ओट्यावर जमली. जूनपासून मिनू आणि माणिक पहिलीत जातील, पण वाळूतली शाळा बंद होत नाही, वहिनी. सेक्टरातल्या आणखी बायका पोरं घेऊन विचारायला येतात. तुम्ही महिन्यातून एकदा गाण्यांच्या बाई म्हणून याल का? भाऊजींना सोबत आणा. तुमचे दीर म्हणतात, दादा आला तर मी स्टेशनवर घ्यायला जाईन, सायकलवरून नाही, रिक्षाने.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. तुमची रिक्षा वळली. मिनू हात हलवायची थांबली. मी तिथेच नळावर कळशी लावून उभी होते, तिला वाटलं मी ऐकत नाही. माणिकने तिला विचारलं, "ती कोण होती गं?"

मिनू म्हणाली, "माझी मोठी आई."

वहिनी, तुमच्यासमोर दिवसभर ती तुम्हाला नुसतं आई म्हणत होती ना? मोठी कधी म्हणाली होती? कळशी भरून वाहत होती तरी मी नळ बंद केला नाही. माणिक आमच्या शाळेत शिकलेली, ती सोडते काय! तिने लगेच विचारलं, "मोठी? मग लहान कुठाय?"

मिनूने माझ्याकडे वाळूचा हात केला. "ही काय," म्हणाली, आणि पुन्हा खड्डा खणायला बसली.

मीरा, हे परत एकदा वाच. मोठ्याने.

सुलक्षणा